कुर्ल्यांच्या कालवणाचा कालनिर्णय

ताम्रपट, महजर आणि सनदा यांच्या पंक्तीस कुर्ल्यांचें कालवण येऊन बसलेलें पाहून ह्या त्रैमासिकाचे कांहीं वाचक हंसतील. प्रस्तुत लेखक जन्मानें सारस्वत व धंद्यानें संस्कृतचा मास्तर आहे. पहिल्या कारणानें हें कालवण त्याच्या परिचयाचें. दुसऱ्या कारणानें त्याची चिकित्सा केल्यावांचून त्यास राहवत नाहीं. परंतु लेख लिहिण्याचें खरें कारण म्हणजे हातून घडलेली एक चूक, ती आधीं कबूल करतों.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं दक्षिण कोंकणांतील एका घरीं मला एक हस्तलिखित चोपडी दाखविण्यांत आली. पहिलीं पानें गहाळ, अक्षर मोडी, मजकूर घरगुती औषधांचा व पाकक्रियेचा. मूळ पुरुष गोवें सोडून आला तेव्हां ही चोपडी त्यानें बरोबर आणिली, तेव्हां ती फिरंग्यांच्या अमलापूर्वींची, असा घरच्या मंडळींचा समज होता. मीं कागद पाहिला, अक्षराचें वळण पाहिलें. दोन्ही अर्वाचीन दिसलीं. तरी यजमानांचा उत्साह मोडवेना, म्हणून "मूळ मजकूर जुना असून ही त्याची नक्कल असावी" असें पत्र लिहून दिलें. चोपडींत कुर्ल्यांच्या कालवणाची कृति होती व तींत 'मिरसांग' हा शब्द स्पष्ट होता. तो मीं वाचला, आणि पुढचें पान उलटलें.

कांहीं महिन्यांनीं त्याच घरीं श्राद्धाच्या पंक्तीस बसण्याचा योग आला. वाढतां वाढतां घरच्या वृद्ध बाई म्हणाल्या, "मास्तरांनू, आज जेवणात मिरसांग नाय. पितरांक ती चलणा नाय, मिऱ्यांचाच तिखट आसा. गोड मानून घेवा." घांस हातांतच राहिला. पितर जेवले तेव्हां मिरची ह्या देशांत नव्हती, हें त्या घरचें स्वयंपाकघर विसरलें नव्हतें. विसरलों होतों तो मी.

मिरची अमेरिका खंडांतली. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपास कळली. वास्को द गामा इ. स. १४९८ मध्यें कालिकतास उतरला, १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, आणि त्यांच्याच जहाजांनीं ही वस्तु आपल्या किनाऱ्यास लागली. ती घरोघर रुळण्यास अर्थातच कांहीं काळ गेला. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचा औषधिद्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला. त्यांत मिऱ्यांवर स्वतंत्र संवाद आहे, कोंकणांतल्या भिरंडांचाही उल्लेख आहे. मिरचीला मात्र स्वतंत्र संवाद नाहीं. त्याच शतकांतल्या भावमिश्राच्या भावप्रकाशाचीही गोष्ट अशीच मौजेची आहे. त्यास फिरंगरोग माहीत आहे. फिरंग्यांची मिरची माहीत नाहीं. पुढच्या निघंटुकारांनीं तिला 'कटुवीरा' असें भारदस्त संस्कृत नांव देऊन आपल्या गोत्रांत घेतलें, आणि त्या नांवानें माझ्यासारखे पुष्कळ फसले.

शब्द मात्र साक्ष लपवीत नाहीं. संस्कृत मरिच, त्याचें मराठी मिरें, त्यावरून मिरची. कोंकणी व मालवणी बोलींतला 'मिरसांग' तर याहून बोलका. 'सांग' म्हणजे शेंग. शेवग्याच्या शेंगेस गोव्यांत आजही सांगच म्हणतात. मिरसांग म्हणजे मिऱ्यासारखी तिखट शेंग. नव्या वस्तूस जुन्या वस्तूचें नांव देऊन घरांत घेतलें, हें ह्या एका शब्दांत नोंदलेलें आहे.

मग मिरची वजा केली तर कालवणांत उरतें काय? पुष्कळ उरतें. अमरसिंहानें वारिवर्गांत कुलीर व कर्कटक हीं नांवें दिलीं आहेत. पंचतंत्रांत बगळ्याचा गळा चिरणारा तो कुलीरकच. 'खेकडा' कर्कटापासून आणि 'कुर्ली' कुलीरापासून आली असें माझें मत आहे. म्हणजे घाटावर एक संस्कृत शब्द टिकला व घाटाखालीं दुसरा. सुश्रुतानें सूत्रस्थानांत कर्कटक हा 'पादिन' म्हणजे पाय असलेल्या जलचरांत घातला असून काळा खेकडा बल्य, किंचित् उष्ण व वातहारक आणि पांढरा संधान करणारा म्हणजे मोडलेलें जोडणारा, असा भेद केला आहे. हाड मोडलेल्या माणसास खेकड्याचा रस्सा पाजण्याची चाल आपल्याकडे आहे. पाजणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं सुश्रुत वाचला असेल?

नारळाचा पुरावा शिलेवरचा आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत नानंगोल गांवच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचें दान नमूद आहे. आंबटपणास वृक्षाम्ल, म्हणजे आपलें आमसूल, वैद्यकग्रंथांस ठाऊकच होतें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतल्या मानसोल्लासांत अन्नभोगाचें प्रकरण आहे. तेथें मांसाच्या व माशांच्या कृतींत तिखटपणाचें काम मिरीं व आलें करतात, जोडीला हिंग आहे. मीं घरीं तसें करवून पाहिलें. वाटणांत ओलें खोबरें, धणे, हळद, आलें व भरपूर मिरीं घातलीं, मिरची वगळली, आंबटास आमसूल. रंग फिका पिंवळा आला. तिखट जिभेच्या टोकास न झोंबतां घशाशीं उतरलें, आणि कुर्लीची स्वतःची गोडी अधिक कळली. घरांतील तरुण मंडळींनीं मात्र तें आजाऱ्याचें जेवण ठरविलें.

आज ह्या कालवणाचीं रूपें अनेक आहेत. मालवणाकडे खोबरें व कांदा भाजून वाटतात; कुर्लीच्या बारीक नांग्या ठेंचून, पाण्यांत कालवून, तें पाणी गाळून रश्शांत घालतात. कालवणाचा सगळा जीव त्या पाण्यांत आहे, आणि ही युक्ति मिरचीवर मुळींच अवलंबून नाहीं. उत्तर कोंकणांतील कोळी व आगरी कुर्लीस चिंबोरी म्हणतात. पाठीच्या कवचांत बेसनाचें सारण भरून, दोऱ्यानें बांधून ती रश्शांत सोडतात. घाटावर पावसाळ्यांत ओढ्या-शेतांतले मुठे धरतात. तेथें ओला नारळ कोठला? सुकें खोबरें व काळा मसाला.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील प्रकार रोमन लिपींत ज्या अक्षरांनीं लिहितात तीं इंग्रजी वळणानें वाचून कित्येकजण 'झेक-झेक' म्हणतात. पोर्तुगीज वळणाच्या त्या लिपींत 'एक्स' हें अक्षर 'श'चें आहे. राशोल येथें १६१६ सालीं छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ग्रंथाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हें सांगणें नको. तेव्हां 'शेक-शेक' असें वाचावें, व 'झाकुती' न म्हणतां 'शाकुती' म्हणावें. शेक-शेकांत भाजलेलें खोबरें, धणे, लवंग, दालचिनी, चिंच व तांबड्या मिरच्या असतात, आणि बहुधा त्यांच्या बरोबरीनें मिरींही. नव्या तिखटानें जुन्यास हांकलून दिलें नाहीं, तें शेजारीं बसलें. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आतां त्या चोपडीकडे वळूं. नक्कलकारानें मिरसांग मागाहून घातली असेल, मूळ तरी जुनें, असा माझाच जुना बचाव पुढें येईल. पण त्या कृतींत मिऱ्यांचें नांवच नाहीं. मिरसांग काढली तर तिखटाशिवाय कालवण उरतें, आणि असलें कालवण कोंकणांत कोणी लिहून ठेवणार नाहीं. नक्कलकारानें 'मिरीं' काढून 'मिरसांग' लिहिलें म्हणावें, तर दुसरी प्रत दाखविली पाहिजे. ती नाहीं. म्हणून निदान ती कृति पोर्तुगीज आल्यानंतरचीच, आणि कागद व वळण पाहतां चोपडी अठराव्या शतकाच्या अलीकडची, हें माझें आतांचें मत आहे. उलट, मिरचीचें नांव नाहीं एवढ्यावरून एखादा लेख प्राचीन ठरवूं नये. श्राद्धाचा स्वयंपाक आजही मिरचीवांचून होतो, आणि त्याची यादी आजही कोणी लिहील.

हें सर्व मीं त्या यजमानांस दुसऱ्या पत्रानें कळविलें. पहिलें पत्र त्यांनीं काचेच्या चौकटींत बसवून ओटीवर लावलें होतें. दुसऱ्याचें उत्तर आलें नाहीं. पुढें मी गेलों तेव्हां बाईंनीं कुर्ल्या केल्या होत्या. चौकट जागच्या जागीं होती.

आपल्या संग्रहांत मिति घातलेली अशी एखादी चोपडी असेल, आणि तींत मिरीं व मिरची दोन्ही एकाच कृतींत आलीं असतील, तर तेवढ्या ओळींची नक्कल मितीसह संपादकांकडे पाठवावी. पहिलें पान फाटलें असलें तरी चालेल. तिखटाची ओळ शाबूत असावी.