जाड विणीच्या गीचे दशक

ब्राझिलियन जिउ-जित्सूचा गी म्हणजे जाड विणीच्या सुती कापडाचा अंगरखा, गुडघ्यांवर दुहेरी कापड लावलेली विजार आणि कमरेचा पट्टा. या खेळातले निम्मे काम समोरच्याच्या कपड्यावर चालते. गळपट्टी धरून गळा आवळतात, बाही धरून हात अडकवतात, विजारीचा काठ पकडून पाय रोखतात. त्यामुळे गी किती टिकतो आणि अंगावर कसा बसतो, यावर तालीम अवलंबून असते. रिओ दी जानेरोत 1996 साली पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्याला 2026 मध्ये तीस वर्षे होतात. या तीस वर्षांत गी हलका झाला, देखणा झाला, महागही झाला. टिकाऊपणात मात्र तो मागे पडला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्यूदोची शाळा काढली. तिथला सुरुवातीचा पोशाख आखूड बाह्यांचा आणि आखूड विजारीचा होता. बाह्या आणि विजारी पुढे लांबल्या. मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले, कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि 1925 मध्ये रिओत ग्रेसींची तालीम सुरू झाली. पुढची कित्येक दशके कपड्याच्या बाबतीत नवे काही घडले नाही. पोशाख ज्यूदोचाच राहिला: ऐसपैस घेराचा, रुंद बाह्यांचा, उभ्याने फेक मारण्यासाठी बेतलेला. नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला रॉयस ग्रेसी पांढरा गी घालून यूएफसी या मिश्र झुंजींच्या पहिल्या स्पर्धेत उतरले आणि जिंकले. तेव्हा जगाचे लक्ष या कपड्याकडे गेले.

खरे काम झाले ते 1996 ते 2006 या काळात. ही सगळी वर्षे विश्व स्पर्धा रिओच्या तिजुका टेनिस क्लबात भरत होती. क्रुगन्स, आतामा, कोराल, केइको ही गी बनवणाऱ्यांची ब्राझिलियन नावे या काळात खेळाडूंच्या पाठीवर दिसत होती. या खेळाचा बराच वेळ जमिनीवर जातो आणि तिथे ज्यूदोचा सैल अंगरखा अडचणीचा ठरतो. घेर पायात येतो, सुटलेले कापड समोरच्याच्या हाती आयते लागते. म्हणून अंगरखा अंगासरशी आला, खालचा घेर आखडला, बाह्या अरुंद झाल्या. बाह्यांचे अरुंदपण काहींनी इतके ताणले की पकडायला कापडच उरेना. ती चलाखी खेळाच्या मुळावर येणारी होती. नियमांनी तिला आवर घातला, हे योग्यच झाले. आजच्या नियमाप्रमाणे हात पुढे ताणल्यावर बाहीची मोकळी जागा किमान 7 सेंटिमीटर असावी लागते आणि बाही मनगटापासून 5 सेंटिमीटरपेक्षा वर चालत नाही.

विणीतही याच दशकात फरक पडला. एकेरी वीण हलकी, पण लवकर विरणारी. दुहेरी वीण दणकट, पण उकाड्यात असह्य. या दोहोंच्या मधली गोल्ड वीव्ह आली आणि तालमींत रुजली. अंगाला ती दुहेरीपेक्षा मऊ होती, आणि बाही धरून पायांनी हात ताणणाऱ्या स्पायडर गार्डचा मारही सोसत होती. काखेत, बाजूच्या चिरेच्या टोकाला, गुडघ्यांवर आणि विजारीच्या काठाला जादा कापड आणि अनेक टिपा पडू लागल्या. दोषही होते. कापड गरम पाण्यात भरपूर आटे, त्यामुळे एक माप मोठे घ्यावे लागे. वाळायला वेळ लागे. तरी तो गी दुरुस्त करून वापरता येत असे. उसवलेली काख पुन्हा शिवली जाई, गुडघ्यावर ठिगळ बसे आणि तोच अंगरखा वर्षानुवर्षे मॅटवर दिसे. ती सवय गेली, याचे दुःख व्हावे असेच आहे.

विश्व स्पर्धा 2007 मध्ये कॅलिफोर्नियात गेली. बाजार मोठा झाला आणि वजनकाटा वरचढ ठरला. या स्पर्धांत खेळाडूचे वजन गीसकट होते. पुरुषांच्या फेदर गटाची 70 किलोंची मर्यादा कपडे धरूनच आहे. जड गी दोन किलोंच्या घरात, हलका दीड किलोच्या आत. वाचलेले अर्धा-पाऊण किलो स्पर्धकाला मोलाचे असते, म्हणून बारीक दाण्याची हलकी पर्ल वीव्ह, रिपस्टॉप कापडाची विजार आणि फोम भरलेली गळपट्टी आली. स्पर्धेच्या दिवसापुरते हे रास्त आहे. चूक झाली ती वर्षभराच्या तालमीसाठी तोच कपडा गळ्यात मारण्यात. स्पर्धकांहून कितीतरी अधिक लोक फक्त सराव करतात, आणि त्यांना वजन द्यायचे नसते.

त्यात भर मर्यादित आवृत्त्यांची. शोयोरोलसारख्या ब्रँडने थोडेच गी काढून ते हातोहात खपवण्याची रीत रूढ केली; गी जपून ठेवायची वस्तू झाली. पाकिस्तानातल्या सियालकोटच्या कारखान्यांत अनेक ब्रँडचे गी शिवले जातात, त्यामुळे किमतीतला फरक पुष्कळदा नक्षी आणि नावाचाच असतो. ऑगस्ट 2024 मध्ये लास वेगासला दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल झाली, त्याच दिवसांत तिथेच एडीसीसी ही कुस्तीप्रकारची स्पर्धाही. दोन्ही गीशिवाय. खेळाचा पैसा आणि झगमगाट गीकडे पाठ फिरवत असताना गी विकणाऱ्यांनी शिवणीऐवजी सजावटीवर भर द्यावा, हे अधिकच बोचते.

रोजच्या सरावाला आजही मध्यम वजनाचा, चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या आसपासचा, आधीच आटवलेल्या सुताचा गी उत्तम. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात याहून जड गी रात्रीत वाळत नाही. तिथे एका भारी गीपेक्षा दोन मध्यम बरे. विजारीच्या आसनाला रुंद कळी हवी, नाडी मजबूत हवी. गी थंड पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा. आणि विकत घेताना अंगरखा आधी उलटा करून काखेच्या टिपा पाहाव्यात, पाठीवरचे चित्र नंतर.