कचरा वेगळा, तर कमाई जास्त

कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत सध्या ‘ग्रीन एचआर’चा बोलबाला आहे. भरती, प्रशिक्षण, बढती आणि मोबदला ठरवताना पर्यावरणाचाही हिशेब धरायचा, हा त्याचा साधा अर्थ. बहुतेक ठिकाणी मात्र गाडी कागदविरहित ऑफिस आणि पावसाळ्यातल्या वृक्षारोपणापुढे सरकत नाही. ही कल्पना खरोखर राबवली जाताना पाहायची असेल, तर पुण्यात सकाळी ढकलगाडी घेऊन सोसायटीत शिरणाऱ्या कचरावेचक ताईंकडे पाहावे.

‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. तिचे मूळ १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेत आहे. रस्त्यावर भंगार वेचणाऱ्या या बायकांकडे संशयाने पाहिले जाई. पंचायतीने महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवून दिली आणि त्या कामगार म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ने पुणे महापालिकेशी करार केला व घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम सभासदांच्या हाती आले.

यातली कळ मोबदल्याच्या रचनेत आहे. ताईंना घरटी ठरलेले शुल्क मिळते, शिवाय सुका कचरा विकून येणारे पैसेही त्यांचेच. पुठ्ठा, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या असे सगळे त्या हातांनी निवडून वेगळे करतात, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. पुठ्ठ्यावर आमटी सांडली, की त्याचे मोल गेलेच. त्यामुळे वर्गीकरण नीट झाले तर कमाई वाढते आणि कचरा डेपोवर जाणारा भारही घटतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. भंगाराची दुकाने बंद झाली, विक्रीचे पैसे आटले. संसर्गाची भीती होतीच. तरीही अत्यावश्यक सेवा म्हणून घरोघरचे काम सुरू राहिले. याचे एक कारण कामाच्या विकेंद्रित रचनेत दिसते: ठरलेली घरे, ओळखीची माणसे, छोटे गट. दुसरे कारण शुल्काचे. भंगार थांबले, तरी घरांशी जोडलेला उत्पन्नाचा धागा तुटला नव्हता. पुढे महापालिकेशी करार चालू राहणार की नाही, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा अनेक पुणेकर या ताईंच्या बाजूने बोलले.

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा नाही. उत्पन्न घटले की त्याची झळ आधी ताईंनाच बसते. म्हणून हातमोजे, विमा आणि वेळेवर शुल्क हाही याच व्यवस्थेचा भाग मानायला हवा.

अशी संकटातही तग धरणारी संस्था हवी असेल, तर पर्यावरणाची जबाबदारी कामगाराच्या कमाईत, सुरक्षिततेत आणि निर्णयाच्या अधिकारात उतरली पाहिजे. मनुष्यबळ विभागांनी पुढचे पर्यावरण धोरण लिहिण्याआधी आपल्याच सफाई कामगारांना बैठकीला बोलवावे. आणि आपण वाचकांनी निदान ओला-सुका कचरा वेगळा द्यावा, ताईंचे शुल्क थकवू नये.