एकच स्पीकर, उपकरणे अनेक: खरेदीआधी काय मोजाल?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये आधी उपलब्ध पाणी मोजतात, मग पिके ठरवतात. टेबलावरचे स्पीकर घेतानाही हाच क्रम ठेवा. आधी जोडायची उपकरणे मोजा, वॅट नंतर पाहा.

समजा, दोन कॉम्प्युटर आणि एक प्लेस्टेशन ५ आहे. प्लेस्टेशन ५ला ऑप्टिकल पोर्ट नाही. एचडीएमआयने मॉनिटरमध्ये गेलेला आवाज मॉनिटरच्या हेडफोन जॅकमधून स्पीकरला देता येतो.

स्पीकरला इनपुट एकच असेल तर? दोन आउटपुट वाय केबलने एकत्र जोडू नका. ती एकमेकांवर भार टाकतात, आवाज बिघडतो. एका वेळी एकच उपकरण ऐकायचे असेल तर ऑडिओ स्विच पुरतो. गेम आणि कॉल एकाच वेळी ऐकायचे असतील, तर छोटा मिक्सर लागतो. ब्लूटूथवर आवाज चित्रामागे राहू शकतो. गेमसाठी वायरच बरी.