जुन्या एमजीला कुठले शॉकअप?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला त्यावरून त्रास होऊ नये, असा त्यामागचा हिशेब. पण रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत, महामाया मंदिराच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत गाडी घालायची, तर मानकातला नव्हे, गल्लीतला गतिरोधक गृहीत धरावा लागतो. कुणीतरी सिमेंट ओतून केलेला असा उंचवटा जेमतेम फूटभर रुंद असतो. ताशी अवघ्या १० किलोमीटरने त्यावर चढलेल्या गाडीचे चाक सेकंदाच्या विसाव्या भागात १० सेंटिमीटर वर फेकले जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर या गतीने. टायर दबते, ते वजा केले तरी शॉकअपच्या दांड्याला प्रचंड वेगाने आत जावे लागते. तीच गाडी गुळगुळीत रस्त्यावर वळण घेताना किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते, तेव्हा तोच दांडा सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्या संथपणे सरकतो. जुन्या स्पोर्ट्स कारला नवे शॉकअप घेताना सगळी चर्चा ‘कडक की मऊ’ यावर चालते. माझ्या मते तो प्रश्नच अपुरा आहे. संथ हालचालीला कडक आणि झटक्याला मऊ, असा शॉकअप आपल्याला हवा असतो, आणि तो निवडताना डब्यावरच्या नावापेक्षा गाडीची स्प्रिंग, तिचे वजन आणि आपला रस्ता यांना जास्त किंमत द्यायला हवी.

गाडीचे वजन शॉकअप पेलतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. वजन पेलते ती स्प्रिंग किंवा कमानपाटा. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग साठवलेली शक्ती परत देते आणि एकटी सोडली तर गाडीला कितीतरी वेळ वरखाली नाचवते. शॉकअपचे काम तो नाच थांबवण्याचे. नळीतल्या तेलात दांड्याला जोडलेला पिस्टन सरकतो, पिस्टनला बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर पोलादाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. दांडा हळू सरकला, तर तेल लहान वाटेने झिरपते. झटका बसला, तर दाबाने चकत्या वाकतात आणि मोठी वाट मोकळी होते. खर्च झालेली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. त्या चकत्या किती जाड, किती आणि कशा रचल्या, यावर सगळा स्वभाव ठरतो. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन शॉकअप चालीला अगदी वेगळे निघतात ते यामुळेच. गाडी एकही उसळी न घेता जागेवर येऊन थांबेल एवढा विरोध १०० मानला, तर रस्त्यावरच्या गाडीला साधारण २० ते ४० पुरतो. त्यातही दांडा बाहेर येतानाचा विरोध आत जातानाच्या विरोधापेक्षा बराच जास्त ठेवतात. चाकाला वर जाऊ द्यायचे, स्प्रिंगला मात्र उसळू द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो: स्पोर्ट्स कार आहे, ती कडकच हवी. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर हे खरे. खडबडीत रस्त्यावर अति कडक शॉकअपचे चाक जमिनीचा पाठलाग करू शकत नाही. परतीचा विरोध फाजील असेल, तर एका खड्ड्यातून सावरून चाक पुरते खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी हळूहळू स्वतःच्याच स्प्रिंगवर बसत जाते. चालवणाऱ्याला वाटते, गाडी रस्त्याला चिकटली. प्रत्यक्षात टायरवरचा भार सारखा कमीजास्त होत असतो, आणि तेवढ्या वेळापुरता ब्रेकही फसवा ठरतो. शिवाय १९५० च्या दशकातली चासी आजच्या बॉडीइतकी ताठ नसते. शॉकअपने न गिळलेला धक्का ती गिळते, आणि काही वर्षांनी शॉकअप धरणाऱ्या कंसाच्या वेल्डिंगला तडे दिसू लागतात. कडकपणा म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण म्हणूनच मला मान्य नाही.

गॅसच्या शॉकअपचे आकर्षणही असेच तपासून घ्यावे. उच्च दाबाच्या एकनळी शॉकअपमध्ये नायट्रोजन साधारण २५ बार दाबाने भरलेला असतो. दांडा ११ मिलिमीटर जाडीचा धरला, तर हा दाब त्याला सतत सुमारे २४ किलोच्या जोराने बाहेर ढकलतो, म्हणजे पुढच्या दोन शॉकअपचा मिळून जवळपास ४८ किलो. दीड-दोन टनांच्या आजच्या गाडीला त्याचे काही वाटत नाही. टनाच्या आतल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे नाक मात्र तेवढ्याने उचलले जाते, चाकांचे कोन बदलतात आणि चाल ताठरते. यावर सांगितले जाते की, रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेल पातळ होते, त्याला फेस येतो आणि फेसाळलेले तेल विरोध करत नाही. मग गॅस नको का? मुद्दा बिनतोड आहे, पण तो लांबच लांब खराब रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाडीला लागू पडतो. आपल्याकडची जुनी गाडी किती धावते? १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली, पन्नास वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रायपूरहून दुर्ग, राजनांदगाव, भंडारा करत राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नागपूरला रॅलीसाठी जाणे हा तिच्या आयुष्यातला मोठा प्रवास. त्याला साधा तेलाचा, फार तर कमी दाबाच्या गॅसचा दोननळी शॉकअप पुरेसा आहे.

याच अधिसूचनेमुळे आणखी एक निवड गंभीर होते. आज एमजी म्हटले की २०१९ मध्ये आलेली हेक्टर आठवते, पण जुन्या एमजी टीडी किंवा एमजीबीला नळीचे शॉकअप नसतातच. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनली. तिच्या पुढच्या चाकांना ओतीव धातूच्या पेटीतून बाहेर आलेल्या दांडीचा, म्हणजे लिव्हर आर्मचा शॉकअप असतो, आणि ती दांडी हाच सस्पेन्शनचा वरचा हात असतो. याचा अर्थ असा की, पुढे नळीचा शॉकअप बसवायचा तर वरचा हात कशाचा करायचा, हेही ठरवावे लागते. तसे तयार संच मिळतात. लिव्हर आर्म जुनाट, गळका, म्हणून टाकून द्या, असा सल्लाही मिळतो. तो बहुतेकदा झिजलेल्या शॉकअपच्या अनुभवावरून आलेला असतो. दांडीचा आस जिथे पेटीतून बाहेर येतो तिथले बेअरिंग झिजते, सील गळते, पातळी उतरते, आत हवा शिरते. मग दांडी हाताने हलवली, तर हालचालीच्या सुरुवातीला एक मोकळा, पोकळ टप्पा लागतो, आणि पेटीच्या खालच्या अंगाला धुळीत कालवलेल्या तेलाचा काळा थर बसलेला दिसतो. आस आणि बेअरिंग नवे, सील नवे, आणि मोटर ऑइल नव्हे, तर योग्य शॉकअप ऑइल, एवढे केले की तीच पेटी पुन्हा तिच्या गाडीला साजेशी चालते. तिचा स्वभाव त्या स्प्रिंगसाठीच ठरवलेला होता, हे विसरू नये. अधिसूचनेत गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात बदल नसावा, असे म्हटले आहे. बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा संच एक वेळ चालेल. चासीला कंस वेल्ड करून बसवलेला शॉकअप मी तरी सुचवणार नाही. जोरात गाडी हाणणाऱ्याला नळीचा शॉकअप जास्त काळ एकसारखा विरोध देतो, हे मान्य आहे. पण रॅलीच्या गाडीला त्याची गरज क्वचितच पडते.

सुटे भाग महाग आणि दूर, ही आपली खरी अडचण, आणि तिच्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे डोळा, म्हणजे टोकाची कडी, जुळेल तो शॉकअप. गॅब्रिएल इंडियाने १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला काम सुरू केले, तेव्हापासून देशी शॉकअपची वाण नाही. मद्रासमध्ये बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचे आणि ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारचे तर घराणेच एक. त्यामुळे पर्याय शोधण्यात काहीच चूक नाही, पण डोळ्याचा आणि बुशचा व्यास जुळला म्हणजे शॉकअप जुळला, असे होत नाही. पुरा दबलेला शॉकअप रबरी ठोकळा लागायच्या आधीच तळ गाठत असेल, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात दांडा वाकेल किंवा कंस तुटेल. पुरा उघडलेला शॉकअप आखूड पडत असेल, तर लोंबणाऱ्या चाकाचा सगळा भार तोच झेलत राहील. ही दोन मापे गाडी जॅकवर घेऊन, स्प्रिंग काढून घ्यावी लागतात, आणि ती घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. व्हॅनसाठी बनवलेला शॉकअप मापाने बसला, तरी त्याच्या चकत्या भरलेल्या व्हॅनच्या वजनासाठी रचलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे.

मग फिरकीने विरोध कमीजास्त करता येणारा शॉकअप घेतला की सगळे प्रश्न मिटले, असे वाटू शकते. पर्याय उत्तम आहे, फक्त फिरकीचे काम ओळखून घ्यावा. डच कोनीच्या जुन्या गाड्यांसाठीच्या शॉकअपमध्ये ती दांडा बाहेर येतानाचा विरोध बदलते, आत जातानाचा नाही. गल्लीतल्या उंचवट्याचा धक्का त्यामुळे फिरकीने हलका होत नाही. तो शॉकअपच्या मूळ रचनेतच हलका असावा लागतो. फिरकीचा मोठा उपयोग काही वर्षांनी झालेली झीज भरून काढण्याचा. म्हणून सुरुवात सर्वांत मऊ ठिकाणावरून करावी, आणि उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा हलत असेल तरच थोडे पुढे जावे, दोन्ही बाजूंना सारखेच. हे करण्याआधी कमानपाट्याची बसकण मोजलेली आणि चिरलेले बुश बदललेले असावेत, कारण ढिल्या बुशची खडखड आणि बसलेल्या पाट्याची आदळआपट बहुतेक वेळा शॉकअपच्या माथी मारली जाते. नवे रबरी बुश गाडी चारही चाकांवर उभी असताना आवळावेत. जॅकवर आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. आणि शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, जुना एखादा बाहेरून कितीही कोरडा दिसला तरी.