गाणे आणि भाषांतर : युक्रेनचे व्हिक्टर मोरोझोव्ह

गायक आणि भाषांतरकार ही दोन माणसे आपल्या मनात सहसा एका पंक्तीस बसत नाहीत. एकाचे स्थान सभामंडपात, दुसऱ्याचे शब्दकोशांच्या ढिगामागे. एकाचे नाव लहानथोरांच्या तोंडी असते, तर दुसऱ्याचे मुखपृष्ठाच्या आत, बारीक टायपात. युक्रेनमध्ये व्हिक्टर मोरोझोव्ह (१९५०–२०२४) या गृहस्थांनी ही दोन्ही कामे केली, आणि दोहोंतही नाव मिळविले. गीतकार व गायक म्हणून त्यांना एका पिढीने ओळखले. पुढच्या पिढीच्या मुलांनी त्यांना आपल्या आवडत्या पुस्तकांचे भाषांतरकार म्हणून ओळखले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हे नाव अपरिचित असेल. त्यांच्या कार्याचा परिचय करून देताना, गाणे आणि भाषांतर यांचे नशीब त्यांच्या देशात एकाच दोरीने कसे बांधले गेले होते, हेही सांगणे अवश्य आहे.

ही दोरी एका हुकमाने वळली. रशियाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर १८७६ च्या मे महिन्यात जर्मनीतील एम्स या आरोग्यस्थानी राहिला असता त्याने युक्रेनी भाषेसंबंधी एका आज्ञेवर सही केली. तत्पूर्वी १८६३ मध्ये व्हाल्युएव्ह या मंत्र्याने शालेय व धार्मिक पुस्तकांना बंदी केलीच होती. एम्सची आज्ञा तिच्यापुढे गेली. परदेशात छापलेली युक्रेनी पुस्तके आत आणू नयेत, त्या भाषेत भाषांतरे छापू नयेत, नाटके करू नयेत, आणि संगीताच्या स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले होते. जुने ऐतिहासिक दस्तऐवज आणि स्वतंत्र ललित वाङ्मय यांना तेवढी सवलत होती, तीही सेन्सॉरची तपासणी झाल्यावर. त्या काळी कीव्हमधील एका मैफलीत युक्रेनी लोकगीत फ्रेंच शब्दांत गावे लागले, असे सांगतात.

सवलत कशाला आणि बंदी कशाला, हे शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. खेड्यातील जीवनाची एखादी गोष्ट लिहिली तर सरकारची हरकत नव्हती. शेक्सपिअर मात्र त्या भाषेत येता कामा नये, कारण ज्या भाषेत शेक्सपिअर येतो ती बोली राहत नाही, ती जगाच्या भाषांच्या बरोबरीने बसू लागते. गाण्याची भीती उलट्या टोकाची होती. भाषांतर भाषेला वर नेते, गाणे तिला निरक्षराच्याही घरात पोहोचविते. हुकूम काढणाऱ्याने दोन्ही वाटा अचूक ओळखल्या होत्या.

सुदैवाने युक्रेनी भाषकांचा पश्चिमेकडील भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता आणि तेथे ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे पान्तेलेमोन कुलिश यांनी केलेली शेक्सपिअरची तीन नाटके १८८२ मध्ये ल्विव्ह शहरी प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर उरलेली नाटके इव्हान फ्रान्को यांनी तेथेच छापून काढण्याचे मनावर घेतले. १९०५ च्या क्रांतीनंतर रशियातील बंदी ढिली पडली. सोव्हिएत राजवटीच्या पहिल्या दशकात तर भाषांतराला बहर आला. खार्कीव्हचे संस्कृतज्ञ पाव्हलो रिटर यांनी कालिदासाचे 'मेघदूत' युक्रेनीत आणले ते १९२८ मध्ये. परंतु हा बहर टिकला नाही. लॅटिन कवींचे थोर भाषांतरकार मिकोला झेरोव्ह यांना १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. अनेक भाषांतून कविता आणणाऱ्या ह्रिहोरी कोचुर यांनी सक्तमजुरीच्या छावणीत दीर्घ शिक्षा भोगली. 'फाउस्ट' आणि 'डेकॅमेरॉन' युक्रेनीत आणणाऱ्या मिकोला लुकाश यांनी १९७३ मध्ये, तुरुंगात टाकलेल्या एका टीकाकाराच्या जागी आपण शिक्षा भोगावयास तयार आहोत, असे सरकारला कळविले. त्याबद्दल त्यांना लेखकसंघातून काढून टाकण्यात आले. भाषांतर हे त्या देशात निरुपद्रवी काम कधीच नव्हते.

या परंपरेत मोरोझोव्ह आले. त्यांचा जन्म १९५० साली पश्चिम युक्रेनमधील क्रेमेनेत्स या जुन्या गावी झाला. पोलिश महाकवी युलिउश स्वोवात्स्की यांचीही ती जन्मभूमी. ल्विव्हच्या विद्यापीठात मोरोझोव्ह इंग्रजी भाषा व वाङ्मय शिकू लागले. तेथे कवी ह्रिहोरी चुबाय यांच्याभोवती तरुणांचा एक मेळा जमला होता. या मंडळींनी १९७१ मध्ये 'स्क्रिन्या', म्हणजे 'पेटी', या नावाचा एक अंक टंकलिखित स्वरूपात काढला. त्याला सरकारी परवाना नव्हता. हाताने टाइप करून हातोहात द्यावयाच्या अशा लेखनास त्या देशात 'समविदाव' म्हणत, अर्थात स्वतःच प्रसिद्ध केलेले. १९७२ च्या जानेवारीत युक्रेनभर लेखकांची धरपकड झाली आणि 'स्क्रिन्या'शी संबंध असलेल्यांवर संकट कोसळले. मोरोझोव्ह यांनाही विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. चुबाय यांची पुस्तके त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत, आणि १९८२ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते निवर्तले.

विद्यापीठाचे दार बंद झाले तेव्हा उघडे राहिले ते गाण्याचे. मोरोझोव्ह 'आर्निका' या वाद्यवृंदाचे गायक होते. आर्निका ही पर्वतात उगवणारी औषधी वनस्पती. होमिओपथीमुळे हे नाव आपल्याकडेही घरोघर माहीत आहे. त्या काळी सोव्हिएत संघात गिटार व इलेक्ट्रिक वाद्यांवर गाणारे असे पुष्कळ वृंद निघाले होते. त्यांनी काय गावे हे समित्या ठरवीत. नव्या कवितेचा एकेक शब्द तपासला जाई, परंतु लोकगीतास सहसा आडकाठी नसे. 'आर्निका'ने या फटीचा उपयोग केला. नांगरलेल्या काळ्या रानाचे आणि तेथे पडलेल्या वीराचे एक जुने लोकगीत त्यांनी नव्या वाद्यांवर गायिले, आणि तरुणांना ते आपले वाटले. पुढे 'स्मेरिच्का' आणि 'वात्रा' या वृंदांतही मोरोझोव्ह यांनी काम केले. हे दिवस सुखाचे नव्हते. त्यांच्या पिढीतील सर्वांत लोकप्रिय संगीतकार व्होलोदिमिर इव्हास्युक यांचा मृतदेह १९७९ च्या मे महिन्यात ल्विव्हजवळच्या रानात टांगलेला आढळला. सरकारने ती आत्महत्या ठरविली. लोकांनी ते कधीच मानले नाही.

१९८८ मध्ये वातावरण पालटू लागले आणि ल्विव्हमध्ये 'ने झुरिस' नावाची नाट्यसंगीत मंडळी उभी राहिली. नावाचा अर्थ 'दुःख करू नकोस'. कथालेखक युरी व्हिन्निचुक, कवी व गायक कोस्त्यान्तिन मोस्कालेत्स, आंद्री पांचिशिन, आणि दिवंगत चुबाय यांचे चिरंजीव तारास ही मंडळी तीत होती. कलाविषयक सूत्रे मोरोझोव्ह यांच्याकडे होती. गाणी, नकला आणि विडंबन यांचा तो मिश्र प्रयोग असे. आपल्याकडील तमाशातील बतावणी आठवावी. राज्यकर्त्यांना विनोदाने टोचावे, आणि लगेच एखादे दडपून ठेवलेले गाणे मोकळ्या आवाजात म्हणावे, असा हा प्रकार होता. पहिल्या महायुद्धातील युक्रेनी सैनिकांची गाणी लोकांना कित्येक दशके घरात, दारे लावून म्हणावी लागली होती. ती आता रंगमंचावर आली. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच्या आधीच्या तीन वर्षांत लोकांची भीती मोडण्याचे जे काम झाले, त्यात अशा मंडळींचा वाटा मोठा आहे.

स्वातंत्र्य आले, पण पुस्तकांच्या दुकानांत बहुतेक फळ्यांवर रशियन पुस्तकेच होती. मुलाला जगातील नवी गोष्ट हवी असेल तर ती त्याला रशियनमध्ये मिळे. मातृभाषा शाळेच्या पुस्तकासाठी आणि आवड शेजारच्या भाषेसाठी, अशी वाटणी एकदा झाली की ती मोडणे दुष्कर असते. कवी इव्हान माल्कोव्हिच यांनी १९९२ मध्ये कीव्ह येथे मुलांच्या पुस्तकांसाठी 'आ-बा-बा-हा-ला-मा-हा' हे गमतीदार नावाचे प्रकाशन काढले ते या परिस्थितीत. मोरोझोव्ह यांनी तोवर पाउलो कोएल्यो यांची 'अल्केमिस्ट' ही कादंबरी युक्रेनीत आणली होती. आता त्यांच्याकडे जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची मालिका आली. पहिला भाग २००२ मध्ये निघाला. सातही भागांची भाषांतरे मोरोझोव्ह यांनी केली. चौथ्यात सोफिया आंद्रुखोव्हिच त्यांच्या सहकारी होत्या. रोआल्ड डाल यांची 'चार्ली आणि चॉकलेटचा कारखाना' व इतर पुस्तकेही त्यांनीच मुलांना दिली.

या भाषांतरातील तीन गोष्टी अभ्यासकाच्या उपयोगी पडण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट एका अक्षराची. रशियन भाषेत 'ह' हा वर्ण नाही, त्यामुळे तेथे 'हॅम्लेट'चा 'गाम्लेट' होतो आणि 'हॅरी'चा 'गारी'. युक्रेनीत 'ह' आहे आणि 'ग' देखील आहे, व दोहोंसाठी निराळी अक्षरे आहेत. १९३३ च्या सरकारी शुद्धलेखनाने यांतील 'ग' चे अक्षर वर्णमालेतून काढून टाकले. हेतू हा की लेखन रशियनच्या जवळ जावे. १९९० मध्ये ते परत आले. परत आलेले अक्षर नियमाच्या पुस्तकात असून भागत नाही, ते मुलांच्या डोळ्यांखालून जावे लागते. 'हॉगवर्ट्‌स' आणि 'हॅग्रिड' या नावांत 'ह' आणि 'ग' दोन्ही आहेत. युक्रेनी पुस्तकात ही नावे दोन्ही अक्षरांनी, बिनचूक छापली गेली. 'ळ' कसा उच्चारावा हे परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना ज्यांनी शिकविले आहे, त्यांना याचे मोल अधिक समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट कोड्याची. मालिकेतील खलपुरुषाच्या मूळ इंग्रजी नावाची अक्षरे फिरवून मांडली की त्याचे भयंकर दुसरे नाव प्रकट होते. युक्रेनीत मोरोझोव्ह यांनी त्याचे नाव 'तोम यारव्होलोद रेद्‌ल' असे केले. त्या लिपीतील ही चौदा अक्षरे, एकही कमीजास्त न करता, दुसऱ्या क्रमाने लावली की हवे ते वाक्य तयार होते. शिवाय 'यारव्होलोद' हे नाव स्लाव्ह कानाला जुन्या राजपुरुषाच्या नावासारखे वाटते. आडनावातील 'कोडे' हा इंग्रजी श्लेष यात गेला. पण कोडे स्वतः राहिले, आणि मुलाला तेच हवे असते.

तिसरी गोष्ट गाण्यांची. रोलिंग यांच्या पुस्तकांत जादूची टोपी गाते, शाळेचे गीत आहे, कोड्यांची कडवी आहेत. डाल यांच्या कारखान्यातील बुटके कामगार तर प्रत्येक हट्टी मुलाच्या फजितीनंतर लांबलचक गीत म्हणतात. अशी पद्ये गद्यप्राय भाषांतरात मरून पडतात. अर्थ आला, यमकही आले, पण श्वास कोठे घ्यावयाचा ते कळेना, अशी त्यांची गत होते. ज्याने आयुष्यभर शब्द आणि चाल यांचा मेळ घातला आहे, त्याला ओळ तोंडात बसते की नाही हे कागदावरच कळते. रंगमंचावर मिळविलेली विद्या येथे टेबलाशी उपयोगी पडली.

या मालिकेचा सातवा भाग इंग्रजीत २१ जुलै २००७ रोजी प्रसिद्ध झाला. युक्रेनी आवृत्ती २५ सप्टेंबरला निघाली, आणि जगातील अधिकृत भाषांतरांत ती पहिली ठरली. रशियन त्यानंतर आली. शर्यत जिंकली याचे कौतुक क्षणभर बाजूस ठेवले तरी एक गोष्ट उरते. त्या शरद ऋतूत ज्या मुलाला शेवट लवकर जाणून घ्यावयाचा होता त्याच्यापुढे सोपा मार्ग मातृभाषेचा होता. शतकानुशतके चाललेला प्रघात निदान एका पुस्तकापुरता उलटला.

येथे एक आक्षेप संभवतो. लुकाश यांनी 'फाउस्ट' आणले, आणि मोरोझोव्ह यांनी विकली जाणारी मुलांची पुस्तके आणली. ही तुलना योग्य काय? आमच्या मते दोन्ही कामांची पायरी निराळी आहे, हे कबूल करावे. तथापि 'फाउस्ट' वाचणारा प्रौढ वाचक आकाशातून पडत नाही. तो दहाव्या वर्षी काहीतरी वाचतच आलेला असतो, आणि ते ज्या भाषेत वाचले त्या भाषेकडेच तो पुढे वळण्याचा संभव अधिक. लुकाश यांचा वाचक तयार करण्याचे काम कोणीतरी करावयास हवे होते, ते मोरोझोव्ह यांनी केले.

आपली आणि युक्रेनची परिस्थिती सारखी आहे असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. मराठीवर तसली बंदी कोणी घातली नाही, तिच्यासाठी कोणास छावणीत जावे लागले नाही. मात्र मोठ्या शेजारभाषेच्या छायेत मुले वाढविण्याचा अनुभव महाराष्ट्राबाहेरील आपल्या शाळांना आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे मराठी पुस्तक भोपाळच्या प्रकाशनाने काढले, हेही येथे आठवण्याजोगे आहे. 'परीस' हा एक शब्द सापडताच परकी कल्पना आपल्या कहाण्यांच्या जगात येऊन बसली. आपल्या ग्रंथालयांत अशी पुस्तके मुलांच्या हाताशी आहेत काय, आणि वर्गात ती मोठ्याने वाचली जातात काय, याची चौकशी प्रत्येक शिक्षकाने करावी.

मोरोझोव्ह २०२४ साली निवर्तले. त्यांच्या देशावर त्या वेळी युद्ध चालू होते. १८७६ च्या हुकमाने जी दोन कामे निषिद्ध ठरविली होती, ती दोन्ही एका माणसाने एका आयुष्यात केली, आणि ती मुलांच्या तोंडी व हाती ठेवून तो गेला. त्या हुकमाला याहून सविस्तर उत्तर देता आले असते असे आम्हांस वाटत नाही.