मीरवरचं बिऱ्हाड

अशा एका घराची कल्पना करा, ज्याला अंगण नाही, गच्ची नाही, दार उघडून बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. पाणी मोजून वापरायचं, हवासुद्धा मोजून. आणि हे घर एका जागी उभंच नाही! ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पळतंय. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवणार आणि सोळा वेळा मावळणार. 'सूर्य उगवला, ऊठ' असं तिथं आई म्हणायला लागली, तर झोपायचं कधी? म्हणून या घरातली घड्याळं मॉस्कोच्या वेळेला लावलेली असत.

घराचं नाव 'मीर'. रशियन भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात, शांती आणि जग. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याची पहिली खोली आकाशात गेली आणि पुढची दहा वर्षं एकेक खोली जोडत हे बिऱ्हाड वाढत गेलं. मार्च २००१ मध्ये ते मुद्दाम पॅसिफिक महासागरात उतरवलं गेलं. पण मधल्या पंधरा वर्षांत तिथं माणसं राहिली, जेवली, आजारी पडली, कंटाळली. एकदा तर मरता मरता वाचली. ती हकिगत पुढे येतेच आहे.

तिथं सगळं तरंगतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण 'वर गुरुत्वाकर्षण नसतं' असं कुणी सांगितलं, तर खुशाल त्याला अडवा. मीर जेमतेम ३९० किलोमीटर उंचीवर होतं आणि तिथं पृथ्वीची ओढ इथल्यापेक्षा थोडीशीच कमी असते. खरी गोष्ट अशी, की स्थानक आणि आतली माणसं सतत पृथ्वीकडे पडतच असतात. पण त्यांना आडवा वेग इतका असतो, की जमीन गाठण्याऐवजी ती पृथ्वीभोवती वळत राहतात. लिफ्ट खाली निघते तेव्हा पोटात क्षणभर हलकं वाटतं ना? तोच क्षण, पण सहा महिने पुरणारा!

झोपायचं म्हणजे भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं. उशी नको, गादी नको. पंखा मात्र हवाच. उकडतं म्हणून नव्हे हं! आपल्याकडे गरम हवा वर जाते आणि गार हवा खाली येते, तशी ती तिथं आपोआप हलत नाही. पंखा नसेल तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच नाकापुढे साचून राहतो. म्हणून मीरवर रात्रंदिवस पंख्यांची घरघर चाले आणि तिथल्या माणसांना त्या आवाजाचा आधार वाटे.

आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. घामाची आणि श्वासातली वाफ गोळा करून, शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यायचं. नाकं मुरडू नका, आपल्या ढगांमधलं पाणी तरी कुठून येतं? जेवणात डबाबंद पदार्थ, गरम पाणी घालून फुलवायची सुकी सूपं आणि एका घासात मावतील एवढे पावाचे तुकडे. मोठा पाव तोडला तर भुगा हवेत उडून यंत्रात आणि डोळ्यांत जायचा. (सन २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी गाजराच्या हलव्याबरोबर आमरसही नेला होता. आमरसाचा भुगा होत नाही, ही केवढी सोय!)

रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागे. पायांना अंगाचं वजन पेलायचं काम नसलं, की हाडं आणि स्नायू दुबळे होतात. म्हणून रबरी पट्ट्यांनी स्वतःला यंत्राकडे ओढून घेत धावायचं. व्हालेरी पोल्याकोव्ह हे डॉक्टर १९९४-९५ मध्ये मीरवर सलग ४३७ दिवस राहिले. परतल्यावर त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. यानातून उतरून ते आपल्या पायांनी जवळच्या खुर्चीपर्यंत गेले.

धान्य, पाणी, पत्रं, पुस्तकं घेऊन येई ते 'प्रोग्रेस' नावाचं मालवाहू यान. त्यात माणूस नसे. सामान उतरवलं की त्यातच घरातला कचरा भरायचा आणि ते सोडून द्यायचं. वातावरणात शिरताना ते कचऱ्यासकट जळून जाई. असंच एक प्रोग्रेस २५ जून १९९७ रोजी घातकी ठरलं.

त्या दिवशी मीरवर तिघे होते. रशियाचे वासिली त्सिब्लियेव आणि अलेक्झांडर लाझुत्किन, आणि अमेरिकेचे मायकेल फोल. प्रोग्रेस आपोआप जोडणारी यंत्रणा युक्रेनमध्ये बनत असे आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर ती महाग पडू लागली होती. म्हणून त्सिब्लियेव यांनी टीव्हीच्या पडद्यावर बघत ते यान हाताने चालवून जोडून पाहावं, असं ठरलं. पडद्यावर खालचे ढग आणि स्थानक वेगळं ओळखू येईना. सुमारे सात टनांचं धूड अपेक्षेपेक्षा वेगात आलं आणि 'स्पेक्त्र' नावाच्या खोलीवर आदळलं.

फोल यांच्या कानांत दडा बसल्यासारखं झालं. त्यावरून कळलं, हवा बाहेर चालली आहे!

स्पेक्त्रचं दार लावायचं, तर त्यातून विजेच्या तारांचा भारा आरपार गेलेला. लाझुत्किन यांनी हाताला येतील त्या तारा सोडवल्या, उरलेल्या सुरीने कापल्या. मग दोघांनी मिळून एक झाकण त्या तोंडावर धरलं आणि इकडच्या हवेच्या दाबानेच ते घट्ट बसलं. पळून जायला सोयुझ यान जोडलेलं होतं, पण त्यांनी घर सोडलं नाही. फोल यांची झोपायची जागा मात्र स्पेक्त्रमध्येच होती. त्यांचं बरंचसं खासगी सामान झाकणापलीकडे राहिलं.

संकट तिथं संपलं नाही. धक्क्याने स्थानक गरगरू लागलं होतं. सौर पंखे सूर्याकडे राहीनात, बॅटऱ्या उतरल्या आणि दिवे गेले. पंखेही थांबले. कायम घरघरणाऱ्या त्या घरात संपूर्ण शांतता पसरली, आणि ती शांतता किती वाईट, हे आता तुम्हाला माहीत आहे.

स्थानक किती वेगाने फिरतंय हे कळल्याशिवाय ते थांबवणार कसं? फोल हे केंब्रिजला शिकलेले खगोलभौतिकीचे पदवीधर. ते खिडकीशी गेले, हात लांब करून अंगठा उभा धरला आणि तारे अंगठ्याआड जाऊन बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. हात लांब केला की अंगठा किती अंश झाकतो, ते त्यांना माहीत होतं. (करून बघा, साधारण दोन अंश.) बाकी सगळा भागाकार. कोट्यवधींची यंत्रं बंद, आणि अंगठा चालू! तो अंदाज मॉस्कोला कळवला गेला. पुढे सोयुझची छोटी इंजिनं फुंकून त्यांनी स्थानक हळूहळू सूर्याकडे वळवलं. बॅटऱ्या भरू लागल्या, एकेक पंखा सुरू झाला.

नंतरचे आठवडे कष्टाचेच गेले. थंड पडलेल्या भिंतींवर दव साचे, ते टॉवेलने पुसत बसायचं. जुलैमध्ये एकाकडून चुकून एक महत्त्वाची केबल निघाली आणि पुन्हा सगळा अंधार! ऑगस्टमध्ये नवी जोडी आली. अनातोली सोलोव्योव आणि पावेल विनोग्रादोव. अंतराळ-पोशाख चढवून विनोग्रादोव स्पेक्त्रच्या हवा नसलेल्या काळोखात शिरले आणि नव्या झाकणातून तारा जोडून आले, म्हणून बरीचशी वीज परत मिळाली.

या सगळ्या गडबडीत फोल आणखी एक काम सांभाळत होते. मीरवर एक छोटी बाग होती आणि त्यांनी तिच्यात मोहरीच्या जातकुळीतली रोपं लावली होती. तिथं ना वारा, ना मधमाशा, म्हणून परागीकरण हातानेच करावं लागे. रोपांना शेंगा धरल्या. त्यातल्या बिया त्यांनी पुन्हा पेरल्या, आणि त्या दुसऱ्या पिढीची रोपंही तरारून वर आली. अर्थात 'वर' म्हणजे दिव्याच्या दिशेने. दुसरी कुठली दिशा तिथं रोपांना ठाऊकच नव्हती.