बॅटरी गेली, फाइल वाचली

नारायणगुड्याच्या चौरस्त्यावर फोटो काढला आणि त्याच क्षणी जुन्या बॅटरीने दगा दिला. फोटो राहील का?

• धोका कुठे? फोन नवा मजकूर आधी रॅममध्ये ठेवतो आणि काही सेकंदांनी फ्लॅश चिपवर उतरवतो. या मधल्या वेळात वीज गेली, तर तेवढा मजकूर जातो.

• रोजकीर्द : २००८ची ईएक्सटी४ फाइल प्रणाली बदलांची नोंद आधी जर्नलमध्ये करते; दुकानदार रोजकीर्द लिहून मग खतावणी करतो, तसेच. फोन सुरू झाला की पूर्ण नोंदी खात्यावर चढतात, अर्धवट बाद होतात. मात्र जर्नलमध्ये सहसा फाइलींची मांडणीच असते, मजकूर नसतो.

• नवी जागा : सॅमसंगची एफ२एफएस (२०१२) आणि आयफोनमध्ये २०१७ साली आलेली एपीएफएस मांडणीच्या नोंदी जुन्यावर गिरवत नाहीत, नव्या जागी लिहितात. नवी नोंद पुरी होईपर्यंत जुनी शाबूत राहते.

• ॲप बनवणाऱ्यांनी : मूळ फाइलवर थेट लिहू नये. तात्पुरती फाइल लिहावी, ‘एफसिंक’ने ती चिपवर उतरवावी, मगच तिला मूळ नाव द्यावे.

• आपण : अपडेट चालू असताना फोन बंद करू नका. मेमरी कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा. चार्ज असूनही फोन अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी बदला. बॅकअप दुसरीकडे ठेवा. रोजकीर्द हरवलेले फोटो परत आणत नाही.